महिरपी कंसातले कुलथे सर

कुलथे सरांना कधी पत्ता विचारू नये. चिखलीच्या फाट्यावर एकदा एक परगावचा माणूस त्यांना पत्ता विचारताना मी स्वतः पाहिला. डोक्यावर ट्रंक, कडेवर पोर, आणि तळवड्याची वाट कुठली एवढंच तो विचारत होता. सरांनी छत्री मिटली, त्याच्याकडे मोठ्या प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

तो म्हणाला, मला वाटत असतं तर तुम्हाला विचारलं कशाला असतं? सरांनी त्याला सूर्य कुठं आहे ते बघायला लावलं. तो कुठून आला, बस कोणत्या हाताला वळली, सगळं विचारलं. ट्रंकेखाली त्या माणसाची मान दुखायला लागली. शेवटी मी टेम्पोतून उतरलो आणि बोटानं वाट दाखवली. तो सुटल्यासारखा पळाला. सर माझ्यावर रागावले. म्हणाले, "पेटीवाले, घात केलात. अगदी जवळ आला होता तो."

"तळवड्याच्या?"

"उत्तराच्या," सर म्हणाले. "सांगायचं नसतं. सापडू द्यायचं असतं."

कुलथे सर आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि गणिताचे मास्तर. नगर जिल्ह्यातून आलेले, पन्नाशीचे, एकटे. पांढरा लेंगा, त्यावर कोट आणि बाराही महिने छत्री. माझ्या शेडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचे, म्हणजे माझे शेजारीच.

मी लाकडी पेट्या करतो. कंपन्यांचा माल ज्या खोक्यांतून परगावी जातो ती खोकी. बार्शीकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या पेट्या उचलत होतो, पुढं स्वतःच्या ठोकायला लागलो. मधलं सगळं घासाघीस करून मिळवलेलं आहे. कंपनीतल्या खरेदीच्या साहेबांना मी घाम फोडतो. पण सरांशी घासाघीस करता येत नसे, कारण ते आकडाच बोलत नसत. शाळेची बाकं करायला घेतली तेव्हा मी त्यांना विचारलं, किती द्याल? म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःशीच घासाघीस केली आणि तीत हरलो.

ही सवय त्यांना शिबिरात लागली होती. दर मे महिन्यात सर पुण्याला शिक्षकांच्या शिबिराला जात आणि जूनमध्ये काहीतरी नवीन घेऊन येत, जसे लोक देवाहून अंगारा आणतात. एका वर्षी, मूल वर्तुळात शिकतं, असं आलं. माझी बाकं व्हरांड्यात गेली, पावसानं फुगली, आणि पोरं जमिनीवर गोल बसली. निम्म्यांची पाठ फळ्याकडे. एका वर्षी घंटा बंद झाली. मुलाला वेळेची जाणीव आतून यावी म्हणे. आमच्या पोरांना आतून जी जाणीव यायची ती भुकेची, आणि तीही पहिल्याच तासाला.

एका वर्षी छडी बंद झाली. स्वतःची छडी सर माझ्या शेडमध्ये घेऊन आले आणि म्हणाले, हिचे तुकडे करा. चांगली वेताची छडी होती. मी म्हटलं, ठेवू या, कुठंतरी उपयोगी पडेल. म्हणाले, "नको. तुकडेच करा. माझ्यासमोर करा." करवत फिरली तोवर ते हलले नाहीत. मला वाटलं, हीसुद्धा शिबिरातलीच तऱ्हा असेल.

खरं तर माझा राग सरांपेक्षा शिबिरातल्या तज्ज्ञांवर होता. माल विकून लगेच गाव सोडणाऱ्याकडून मी खिळासुद्धा घेत नाही. हे तज्ज्ञ तसलेच. जीपमधून यायचे, तासभर बोलायचे, चहा प्यायचे आणि जायचे. पुढच्या वर्षी दुसरा तज्ज्ञ यायचा आणि पहिल्याचं सगळं जुनं झालं असं सांगायचा. मधल्या वर्षातली पोरं परत करायची सोय कुठंच नव्हती. संस्थेचे अध्यक्ष आण्णा गावचे जुने बागायतदार. त्यांना मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "जीप आली की आपण हार घालायचा. जीप गेली की आपलं चालू. एवढं काय मनावर घेता राव?"

पण मी मनावर घेतलं होतं, कारण माझी पोरगी मंगल त्या शाळेत होती. माझी शाळा चौथीत सुटली. मंगलची सुटू द्यायची नाही एवढाच हट्ट मी धरला होता.

मग नवं गणित आलं. पाढे गेले आणि संच आले. आमच्या भागात संच म्हणजे पान्यांचा संच, नाहीतर छिन्न्यांचा. शाळेतला संच वेगळा होता. एके संध्याकाळी मंगल वहीत आकड्यांच्या दोन्ही बाजूंना नक्षीदार कमानी काढत बसली होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "दादा, हा महिरपी कंस. संच यातच लिहायचा."

महिरप मला माहीत होती. सणावाराला पाहुण्याच्या ताटाभोवती रांगोळीची काढतात ती. मी म्हणालो, "आकड्यांना जेवायला वाढायचंय का?" मंगल हसली नाही. पूर्वी माझ्या असल्या बोलण्यावर ती हसायची. मी वहीत डोकावलो आणि मला काहीच कळलं नाही, हे तिला कळलं. तिनं वही हळूच स्वतःकडे ओढून घेतली. खरेदीच्या साहेबांना घाम फोडणारा मी, त्या वहीपुढं मान खाली घालून उठलो.

संचांच्या नादात सरांनी आणखी एक खूळ काढलं. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी वर्ग घेऊन ते एखाद्या कंपनीच्या गेटसमोर जाऊन उभे राहायचे. बाहेर पडणाऱ्या कामगारांचे पोरांनी संच करायचे. टोपीवाल्यांचा संच, सायकलवाल्यांचा संच, डबा पिशवीत ठेवणाऱ्यांचा संच. कामगार हसायचे, पोरं हुंदडायची. एका गेटवरचा रखवालदार मला म्हणाला, तुमचे मास्तर पोरं नसली तरी येतात. एकटेच उभे राहतात, छत्री टेकवून, गर्दी संपेपर्यंत. मी म्हणालो, पुढच्या शिबिराचा अभ्यास करत असतील. आम्ही दोघंही पोटभर हसलो.

त्यानंतर शाळेत पालक मेळावा ठरला. पुण्याहून तज्ज्ञ येणार होते आणि प्रत्येक मुलानं घरून एक संच आणायचा होता. मंगल घरी येऊन म्हणाली, "मला रिक्त संच आलाय."

"म्हणजे?"

"ज्यात काहीच नसतं तो."

मला आनंद झाला. इतक्या वर्षांत शाळेनं पहिल्यांदा माझ्या धंद्यातली वस्तू मागितली होती. ज्यात काहीच नसतं ती वस्तू माझ्याइतकी चांगली या भागात कोण करतं? परदेशी यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या देवदारी फळ्या माझ्याकडे होत्या. मी रंधा मारला, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकल्या, झाकणाला बिजागऱ्या लावल्या. आतून पॉलिश केलं. रिकाम्या पेटीला आतून पॉलिश कुणी करत नाही. मी केलं.

मेळाव्याच्या दिवशी मंगल पुढं गेली होती. मी धुतलेला सदरा घालून पेटी टेम्पोतून नेली आणि दोन हमालांनी ती सभागृहाच्या मधोमध आणून ठेवली. मग मी आजूबाजूला पाहिलं. बाकीच्या पोरांच्या हातांत कागद होते. कागदावर महिरपी कंस आणि त्यांच्यात आकडे. पेटी कुणीच आणली नव्हती. आधी मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळंच सभागृह हसलं.

तज्ज्ञ चष्मा पुसत पुढं आले. हसत हसत म्हणाले की ही वस्तू झाली, संकल्पना नव्हे. शिवाय पेटी आहे म्हणजे काहीतरी आहेच, मग रिक्त कुठं? लोक पुन्हा हसले. तेवढ्यात कुलथे सर आले. त्यांनी झाकण उघडलं आणि चक्क डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. बाहेर आले ते मला म्हणाले, "पेटीवाले, इतका अचूक रिक्त संच मी आजवर पाहिला नव्हता."

आता मात्र लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मंगल कुठं आहे म्हणून मी पाहिलं. ती खिडकीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी पेटी तिथंच टाकून निघालो. रात्रीच्या जेवणात मंगल ताटाकडे बघत म्हणाली, "दादा, तुम्ही शाळेत येत जाऊ नका." तिचा आवाज वर चढलेला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता, त्यात माझा हातखंडा आहे. मी म्हटलं, बरं. आणि या घरात शाळेचं आणि गणिताचं नाव काढायचं नाही, असंही सांगून टाकलं.

हसणाऱ्यांना मी विसरलो असतो. तज्ज्ञालाही, तो जीपमधला. पण सर रोज शेडवरून जायचे, मी पत्र्यासारखा तापलेला असायचो आणि ते आपले छत्री उंचावून नमस्कार करायचे. माझ्या पोरीसमोर माझी थट्टा करणारा माणूस मला नमस्कार करतो, हे मला सोसेना. मी आण्णांकडे गेलो. म्हटलं, हे मास्तर ठेवायचे असतील तर शाळेच्या बाकांचं पुढचं काम दुसऱ्याला सांगा.

आण्णांना बाकांची काळजी होती, गणिताची नव्हती. म्हणाले, "अवो, त्यात काय? जुन्नरच्या डोंगरात आपली दुसरी शाळा हाय. तिकडं धाडू. सोमवारी बैठक लावतो. तुमी फकस्त उभं ऱ्हाऊन तक्रार सांगायची. बाकी आमी बघतो."

सौदा पक्का झाला होता. पण माझ्या स्वभावात एक खोड आहे. सौदा पक्का झाल्यावरही मी समोरच्याकडून शेवटचं काहीतरी काढू बघतो. रविवारी दुपारी मी सरांच्या दारात गेलो. मनात वाक्य तयार होतं. मंगलच्या वर्गासमोर माझी माफी मागा, मी उद्या तोंड उघडत नाही. नाहीतर डोंगर.

दार उघडंच होतं. बाहेरची खोली पुस्तकांनी भरलेली, म्हणजे कपाटातून ओसंडून जमिनीवर आलेली. कपडे दोरीवर, भांडी खिडकीत, कांदे छत्रीत. आणि भिंतीशी माझी पेटी. पितळी कोपरे चकाकत होते. मी झाकण उचललं. आत काही नव्हतं. इतक्या अडचणीच्या घरात तिच्यात एक पुस्तकसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

"भरली का नाही?" मी ओरडूनच विचारलं. वाक्य दुसरंच तयार होतं, पण माल वाया गेलेला मला बघवत नाही.

सर आतून हात पुसत आले. "भरली तर ती रिक्त राहणार नाही," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "पेटीवाले, तुम्ही त्या दिवशी रागावून गेलात का? मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं. कंस सगळ्यांनीच काढला, आतला रिकामेपणा एकट्या मंगलच्या वडिलांनी तयार केला. मंगल घरी बोलली नाही?"

बोलणार कशी? मीच तोंडं बंद केली होती.  माझ्या हातातलं वजन एकदम गेलं आणि तराजू वर उडाल्यासारखा मी उभा राहिलो.

सर म्हणाले, आलाच आहात तर चार घास खा. मी नको नको म्हणत आत गेलो. आत दोन ताटं वाढलेली होती. एक साधं. दुसऱ्यासमोर पाट, आणि ताटाभोवती रांगोळीची महिरप. पुरुषाच्या हाताची, वेडीवाकडी, पण पूर्ण. ताटात पुरणपोळी होती, तीही तशीच, फाटकी. मला वाटलं, कुणी मोठा पाहुणा यायचाय. पुण्याचा तज्ज्ञ असणार. माझं डोकं पुन्हा तापायला लागलं.

मी विचारलं, "आज सण तर नाही. हे ताट कुणाचं?"

सर सवयीनं म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

 त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, जशी ते वर्गात बघत असतील. मग मी ज्याची कधीच अपेक्षा केली नव्हती ते झालं. कुलथे सरांनी उत्तर सांगितलं.

"माझ्या मुलाचं," ते म्हणाले. "आज वाढदिवस त्याचा."

नगरकडच्या एका गावात सर पाढ्यांचे मास्तर म्हणून प्रसिद्ध होते. छडी आणि पाढे. स्वतःचा मुलगा वर्गात होता आणि मास्तरचा मुलगा म्हणून त्याला दोन छड्या जास्त बसत. तो हुशार होता, पण एका ठिकाणी नेमका अडायचा. सतरा आठे. दरवेळी एकशे सव्वीस म्हणायचा. त्या दिवशी वाढदिवस होता. आईनं महिरप काढून ताट वाढलं, मुलगा पाटावर बसला, आणि सरांनी विचारलं, सतरा आठे?

"म्हणाला, एकशे सव्वीस. मी त्याला ताटावरून उठवलं," सर म्हणाले. "बरोबर सांगशील तेव्हा बस, म्हणालो. तो जो उठला तो चपला घालून गेला. पुढं त्याची आईही गेली. तिनं मरेपर्यंत माझ्याशी या विषयावर एक शब्द काढला नाही."

पुढं केव्हातरी गावच्या कुणीतरी पिंपरीच्या बाजूला एका गेटवर त्याला पाहिल्याचं सांगितलं. अंगात कंपनीचे कपडे होते म्हणे. कुठली कंपनी ते सांगणाऱ्याला आठवेना. सरांनी जुनी नोकरी सोडली आणि आमच्या शाळेत आले.

मला रखवालदार आठवला, आणि आम्ही दोघं पोटभर हसलो होतो ते आठवलं. करवतीखालची छडी आठवली. मला बसवेना आणि उठवेना.

"बदलीच्या बैठकीचं कानावर आलं होतं, तिथं उद्या तुम्हीच बोलणार ते आता कळलं," सर म्हणाले. "शाळेतून काढायला सांगा. पोरांना शिकवू नको म्हणा, चालेल. शिबिरातलं निम्मं मलाही पटत नाही. मी फक्त बघत असतो, न मारता, न उठवता कसं शिकवतात ते कुणाला सापडलंय का. पण तिकडं डोंगरात पाठवू नका, पेटीवाले. तिथं गेट नाहीत."

मी मुकाट्यानं साध्या ताटावर बसलो आणि जेवलो. सरांनी स्वतःला वाटीत घेतलं. महिरपीतल्या ताटाला दोघांपैकी कुणीच हात लावला नाही.

सोमवारी बैठकीत आण्णांनी मला उभं केलं. म्हणाले, "बोला पेटीवाले, मास्तरांबद्दल तक्रार काय हाय?"

सर समोर बसले होते, छत्री गुडघ्यांत धरून. सगळे माझ्याकडे बघत होते.  शेवटी तोंडातून जे निघालं ते असं, "तुम्हाला काय वाटतं, आण्णा?"

आण्णा म्हणाले, "मला वाटतं तुमचं डोकं फिरलंय."

"मग तेच लिहून घ्या," मी म्हणालो आणि खाली बसलो. आण्णांनी चहा मागवला. बदलीचं पुन्हा कुणी काढलं नाही. घरी गेल्यावर मी मंगलला म्हटलं, तुझ्या त्या वहीतलं जरा मला सांग. ती म्हणाली, "दादा, तुम्हाला काय वाटतं?" आणि मग आपणच हसली.

नवं गणित काही वर्षांनी आलं तसंच निघून गेलं. जीप अजून येते, आता दुसरंच काहीतरी सांगते. माझं मत बदललेलं नाही. पोरांवर प्रयोग करून पुढच्या गावाला निघून जाणाऱ्यांवर मी आजही विश्वास ठेवत नाही आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. सर निवृत्त झाले, पण खोल्या त्याच आहेत. पेटीत अजून काही भरलेलं नाही. संध्याकाळी ते छत्री घेऊन निघतात, पण आता पाय दुखतात, लांबच्या गेटवर जाववत नाही.

तिथं मी जातो. माझा टेम्पो तळवड्यापासून कुरुळीपर्यंत कुठल्या ना कुठल्या कंपनीत रोज जातोच. पेट्या उतरवून घ्यायला कामगार आले की मी एखाद्याला मध्येच विचारतो, काय रे, सतरा आठे किती? जुन्या शाळेतले फाडकन सांगतात. नव्या गणितातले थांबा म्हणतात आणि बोटं मोजतात. सगळीकडे बोभाटा झालाय की पेटीवाल्याला पाढ्यांचं वेड लागलंय. काही जण मला लांबूनच बघून "एकशे छत्तीस" असं ओरडतात आणि हसतात. हसू देत.

उत्तर बरोबर आलं की मी पुढची पेटी उचलायला सांगतो. पण एखादा तिशीकडे झुकलेला माणूस प्रश्न ऐकून एकाएकी गप्प होतो, माझ्याकडे न बघता खाली बघतो, तेव्हा माझा हात टेम्पोच्या फाळक्यावर तसाच राहतो. मी त्याला उत्तर सांगत नाही.